पुढे काय झाले त्याचे?

दिवाळी अंकाचा मजकूर भर पावसाळ्यात लिहावा लागतो, ही गोष्ट वाचकांना सांगू नये असा आम्हा सदरलेखकांचा संकेत आहे. यंदा तो मोडतो. कारण हा लेख मुळात पावसामुळेच सुचला. परवा संध्याकाळी आमच्या अंधेरीत असा काही पाऊस लागला की दुसऱ्या मजल्यावरच्या नानांचे नेहमीचे फिरणे बुडाले आणि ते बिनछत्रीचे, म्हणजे जिन्यानेच, आमच्याकडे फिरायला आले. सौ.ने कांदाभजी तळायला घेतली होती. वास आधी वर गेला आणि मागोमाग नाना खाली आले, असेही कोणी म्हणेल.

पण भज्यांची बशी पुढे आली तरी नानांचा चेहरा उजळला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे ओळखले. नानांचा नातू नववीत आहे. डावखुरा फिरकी गोलंदाज. सहावीत असताना त्याने शाळेच्या एका सामन्यात पाच गडी बाद केले, तेव्हा नानांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. पुढच्या तीन वर्षांत पेढ्यांचा योग काही पुन्हा आला नाही. आता येते वर्ष दहावीचे. घरात दोन पक्ष पडले आहेत. मुलाचे म्हणणे, किटबॅग सरळ माळ्यावर टाका. सूनबाईंचे म्हणणे, आणखी थोडे थांबून पाहू. नानांचे मत ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकणार, आणि नानांना रात्री झोप नाही.

"तो नाही का," नाना म्हणाले, "आपल्या अंधेरीचाच. बसकंडक्टर बाईंचा मुलगा. एका मॅचमध्ये बांगलादेशाच्या पाच विकेटी काढल्या होत्या त्याने. पेपरात आईबरोबर फोटो आला होता. पुढे काय झाले हो त्याचे?"

मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी स्वतः देऊन टाकले. "बघा! एवढे करूनही आज त्याचे नाव कानावर येत नाही. मग आमच्या पोराचा काय पाड लागणार?"

नानांना त्या संध्याकाळी जे सांगितले तेच इथे मांडतो आहे. कारण हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या घरात दारामागे एखादी किटबॅग उभी आहे, त्या प्रत्येक घरात तो कधी ना कधी विचारला जातो.

त्या मुलाचे नाव अथर्व अंकोलेकर. जन्म २६ सप्टेंबर २००० चा. नानांना आठवणारा सामना १४ सप्टेंबर २०१९ चा, कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावरचा; एकोणीस वर्षांखालील मुलांच्या आशिया चषकाची अंतिम लढत. भारताने पहिली फलंदाजी केली आणि सारा डाव १०६ धावांत आटोपला. एवढ्या धावा तर आपल्या गल्लीतल्या मुलांनाही पुरत नाहीत. बांगलादेशाचीही घसरगुंडी झाली. तरी आठ गडी गेल्यावर त्यांच्या नवव्या जोडीने पाय रोवले आणि एकेक धाव जोडत धावसंख्या १०१ वर नेली. सहा धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. अशा वेळी चेंडू अथर्वच्या हाती होता. एकाच षटकात त्याने दोघांनाही घरी पाठवले. भारत पाच धावांनी जिंकला. अथर्वने २८ धावांत पाच बळी घेतले आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. दुसऱ्या टोकाला रकीबुल हसन नावाचा बांगलादेशाचा मुलगा नाबाद राहिला होता. तोही डावखुरा फिरकी गोलंदाजच. वाचकहो, हे नाव लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या पाच बळींइतकीच मुलाच्या घरची हकीकत छापली. वडील बेस्टमध्ये नोकरीला होते. २०१० साली ते गेले. मागे आई आणि दोन लहान मुलगे. आईने शिकवण्या घेऊन घर सावरले. पुढे तिलाही बेस्टमध्ये वाहकाची नोकरी मिळाली आणि मरोळ आगाराच्या बसमध्ये ती तिकिटे देऊ लागली. अथर्व नऊ वर्षांचा असताना सरावाच्या एका सामन्यात त्याने साक्षात सचिन तेंडुलकरला बाद केले आणि सचिनने त्याला सही केलेले ग्लव्हज भेट दिले, ही गोष्टही त्या वेळी छापून आली. आपण सगळ्यांनी ती चहाबरोबर वाचली, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि पान उलटले.

पान उलटल्यावर मात्र आपल्या मनात एक हिशेब तयार झाला. आता हा मुलगा वर्ष-दोन वर्षांत भारतातर्फे कसोटी खेळणार, आईची नोकरी सुटणार, बंगला होणार. सिनेमाच्या शेवटच्या रिळात होते तसे सगळे होणार. तसे झाले नाही, तेव्हा आपण म्हणालो, "पुढे काय झाले त्याचे?" म्हणजे हिशेब आपणच मांडायचा आणि तो चुकला की दोष पोराला द्यायचा.

मी नानांना विचारले, "तुमच्याकडचे कैरीचे लोणचे कितव्या दिवशी काढतात?"

"मुरायला महिना तरी हवा," नाना म्हणाले.

"आणि आठव्या दिवशी बरणी उघडून कोणी म्हणाले की फोड कच्ची आहे, फेकून द्या, तर?"

नानांनी उत्तर दिले नाही, पण दुसरे भजे घेतले.

फिरकी गोलंदाजी हा मुरण्याचा धंदा आहे. जलद गोलंदाजाला पंचविशीच्या आत अंगातल्या जोराचा लाभ मिळतो. फिरकी गोलंदाजाचा जोर असतो तो पहिल्या दोन बोटांत आणि डोक्यात. चेंडूची शिवण तर्जनीवर घासून घासून कातडे निघते, पुन्हा येते, आणि घट्टा पडल्यावर कुठे चेंडू मनासारखा फिरू लागतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेर जातो. मधूनच तो तशाच हाताने एक चेंडू न वळवता सरळ आत सोडतो. बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट पाहणारा फलंदाज त्यावर पायचीत होतो. चेंडू कसा टाकायचा हे एका मोसमात शिकता येते. कधी टाकायचा हे शिकायला शेकडो षटके टाकावी लागतात आणि ढीगभर षटकार खावे लागतात. मार खाल्ल्यावर पुढचा चेंडू पुन्हा उंच सोडण्याची हिंमत कोणत्याही शिबिरात शिकवत नाहीत.

नानांना पुरावा हवा असतो. म्हणून मी त्यांना फार लांब न नेता एक स्टेशन पलीकडे, जोगेश्वरीला नेले. एजाज पटेल मुंबईत जन्मला तो १९८८ साली. त्याचे लहानपण जोगेश्वरीत गेले आणि आठ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर तो न्यूझीलंडला गेला. विशीपर्यंत तो जलद गोलंदाजी करीत असे. उंची बेताची, त्या वाटेने पुढे जाणे कठीण दिसले तेव्हा त्याने चेंडू वळवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या वयात आपली मुले पदवी घेऊन नोकरीच्या अर्जांना लागतात, त्या वयात त्याने फिरकीची बाराखडी गिरवायला घेतली. पहिला कसोटी सामना खेळला तो २०१८ च्या नोव्हेंबरात, अबू धाबीला, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने पाच बळी घेतले आणि न्यूझीलंडने पाकिस्तानला अवघ्या चार धावांनी हरवले. २०२१ च्या डिसेंबरात तो आपल्या वानखेडेवर आला आणि त्याने भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी ११९ धावांत घेतले. कसोटीत हे त्याच्यापूर्वी फक्त दोघांना जमले होते : १९५६ साली इंग्लंडच्या जिम लेकरला आणि १९९९ साली आपल्या अनिल कुंबळेला. दहा बळी घेऊनही न्यूझीलंड तो सामना हरले. पण २०२४ साली त्याच मैदानावर त्याने एका कसोटीत अकरा बळी घेतले. त्या खेपेला न्यूझीलंड जिंकले, आणि भारताने ती मालिका तीन विरुद्ध शून्य अशी गमावली.

"हा विसाव्या वर्षी कोणी होता का?" मी विचारले. "त्या वेळी जोगेश्वरीतल्या त्याच्या शेजाऱ्यांनी 'पुढे काय झाले त्याचे' असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते?"

नाना म्हणाले, "पण हा शेवटी पोहोचला. न पोहोचलेल्यांचे काय?"

हा प्रश्न खरा होता, आणि त्याला बगल देणे मला बरे वाटले नाही. म्हणून मी पद्माकर शिवलकरांचे नाव काढले. नाना एकदम सावरून बसले. आमच्या पिढीच्या माणसाला त्या नावावर सावरून बसावेच लागते. शिवाजी पार्कवर घडलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज वर्षानुवर्षे मुंबईसाठी चेंडू टाकीत होता. प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत त्याने ५८९ बळी घेतले. १९७२–७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध त्याने पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच असे गडी बाद केले. आणि कसोटी सामने? एकही नाही. त्याच काळात, त्याच हाताने, त्याच प्रकारची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी भारताच्या संघात होते. एका खुर्चीवर दोघे बसू शकत नव्हते. २०१७ साली क्रिकेट मंडळाने शिवलकरांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ रोजी ते गेले, तेव्हा ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले होते त्यांपैकी कोणीही 'त्यांचे काही झाले नाही' असे म्हटले नाही.

"नाना, सांगा," मी म्हणालो, "शिवलकरांचे आयुष्य फुकट गेले का?"

"छे!" नाना जवळजवळ ओरडलेच. "काय बोलता! तो चेंडू हातातून सुटताना पाहणे म्हणजे..." आणि मग त्यांनी हाताने तो चेंडू टाकून दाखवला. बशी थोडक्यात वाचली.

आता पुन्हा अंधेरीला येऊ. कोलंबोनंतर अथर्व दक्षिण आफ्रिकेला गेला, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी. २८ जानेवारी २०२० रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात भारताची फलंदाजी अडचणीत आली असताना हा गोलंदाज बॅट घेऊन उभा राहिला आणि ५४ चेंडूंत ५५ धावा काढून नाबाद राहिला. भारताने तो सामना ७४ धावांनी जिंकला. ९ फेब्रुवारीला अंतिम सामना, समोर पुन्हा बांगलादेश. या वेळी मात्र भारत तीन गड्यांनी हरला. विजयाची धाव काढली ती कोणी? रकीबुल हसनने. पाच महिन्यांपूर्वी कोलंबोत नाबाद राहून हार पाहावी लागलेल्या त्या मुलाने. क्रिकेट हा खेळ हिशेब पुरा करतो, पण आपल्या सवडीने.

त्या सामन्यानंतर दीड महिन्यात सारा देश बंद झाला. कोणत्याही खेळाडूसाठी एकोणीस ते एकवीस हे वय म्हणजे पोरांच्या संघातून मोठ्यांच्या संघात जाण्याचा पूल. नेमक्या त्याच वेळी मैदानांना कुलुपे लागली. २०२०–२१ च्या मोसमात रणजी करंडक स्पर्धाच झाली नाही. १९३४ साली ती सुरू झाल्यापासून असे कधी घडले नव्हते. दुसऱ्या महायुद्धातही ती चालू होती. फिरकी गोलंदाजाला शेकडो षटके टाकायला हवीत असे वर म्हटले, ती षटके टाकायची कुठे? जिन्यात?

मुलगा घरी होता. आई मात्र घरी नव्हती. लोकल गाड्या सामान्यांसाठी बंद होत्या. डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कामगार यांना कामावर पोहोचवण्याचा भार बेस्टच्या बसवर होता. त्या बसमध्ये तिकिटे द्यायला ती जात होती. त्या दिवसांत ही बातमीही आली होती. मुलाला आईची काळजी वाटते असे तीत लिहिले होते. आजवर आईने मुलाच्या सामन्यांची काळजी केली होती, आता मुलगा आईच्या ड्यूटीची करीत होता. आपल्या मध्यमवर्गीय घरांना यात नवल वाटणार नाही. एकाने कमावायचे आणि दुसऱ्याने आशा सांभाळायची, ही वाटणी आपल्याकडे जुनीच आहे. त्या घरात दोन्ही कामे बराच काळ एकटीकडे होती.

पुढची वर्षे मुंबईच्या संघात जागा मिळवण्यात आणि टिकवण्यात गेली. ती वर्षे पहिल्या पानावर येत नाहीत. आतल्या पानावर, बारीक टायपात येतात. आज दोन बळी, उद्या एकही नाही, परवा संघाबाहेर. मग १५ डिसेंबर २०२४ रोजी बंगळूरला सय्यद मुश्ताक अली करंडकाची अंतिम लढत झाली. मध्य प्रदेशाने १७४ धावा केल्या होत्या. मुंबईचे पाच गडी गेल्यावर सूर्यांश शेडगेच्या जोडीला अथर्व आला, सहा चेंडूंत १६ धावा काढून नाबाद राहिला आणि मुंबईने करंडक जिंकला. २०२५ च्या डिसेंबरात आयपीएलच्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला ३० लाख रुपयांना घेतले. कोलंबोच्या त्या दिवसाला तेव्हा सहा वर्षे आणि तीन महिने झाले होते.

"म्हणजे पोहोचला!" नाना खूश झाले.

"नाना, तुम्ही पुन्हा बरणी उघडलीत," मी म्हणालो. "तो लिलावाच्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. तीस लाखांनी त्याचा चेंडू जास्त वळत नाही आणि नाव पुकारले नसते तर कमीही वळला नसता. एजाज त्या वयात कसोटीच्या जवळपासही नव्हता. शिवलकर कसोटीला शेवटपर्यंत पोहोचले नाहीत. यातली कोणती वाट अथर्वची आहे हे त्याला माहीत नाही, त्याच्या आईला नाही आणि आपल्याला तर मुळीच नाही. एवढेच ठाऊक आहे की सहा वर्षे तो रोज चेंडू टाकीत राहिला. 'पुढे काय झाले' याचे उत्तर हेच."

नाना बराच वेळ गप्प होते. बाहेर पाऊस तसाच चालू होता. मग ते म्हणाले, "पण दहावी?"

दहावीच्या बाबतीत मी अजिबात काव्यात शिरत नाही. दहावी द्यायची, बारावी द्यायची, पदवीही घ्यायची. अथर्वसुद्धा वांद्र्याच्या रिझवी महाविद्यालयात वाणिज्य शाखेचा विद्यार्थी होता, आणि त्या घरात अभ्यासाला सूट होती असे कोणी ऐकलेले नाही. परीक्षेच्या दोन महिन्यांत सराव कमी करावा लागेल; करावा. शिवलकरांसारख्यांनाही एकही कसोटी मिळाली नाही, तेव्हा बाकीच्यांनी पोटापाण्याची दुसरी सोय ठेवलेली बरी, हे मी त्या पोरालाही सांगेन. पण किटबॅग माळ्यावर टाकायची असेल तर ती पोराने टाकावी, कंटाळा आला म्हणून किंवा दुसरे काही आवडले म्हणून. त्याने तीन वर्षांत पुन्हा पाच बळी घेतले नाहीत म्हणून आपण ती टाकू नये. चौदाव्या वर्षी फिरकी गोलंदाजाचा निकाल लावणे म्हणजे जूनमध्ये भाताचे पीक मोजणे. आणि अंदाज तर थोरांचेही चुकतात. बोरिवलीच्या एका शाळेत ऑफस्पिन टाकणारा एक मुलगा प्रशिक्षकांनी गोलंदाज म्हणून निवडला होता. त्याचे नाव रोहित शर्मा. त्याच्या गोलंदाजीचे पुढे काय झाले, ते कोणी विचारीत नाही!

नाना उठले. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "एक चुकलेच माझे. रविवारी पोरगा मैदानावरून आला की मी दारातच विचारतो, 'किती विकेटी?' हल्ली तो उत्तर देत नाही. सरळ आत जातो."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी पाऊस जरा उघडला होता आणि मी जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन वर येत होतो. दुसऱ्या मजल्यावरचे दार उघडे होते. नानांचा नातू गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून नुकताच आला होता, आणि नाना चष्मा कपाळावर चढवून त्याच्या डाव्या हाताची तर्जनी उजेडात धरून पाहत होते.

"सोलली आहे रे," ते म्हणत होते. "हळद लावू का?"

"नको हो आजोबा," पोरगा म्हणाला. "घट्टा पडायला हवा." आणि न विचारता पुढे सांगू लागला, "आज एकाने मला दोन सिक्स मारले. तिसरा चेंडू मी मुद्दामच अजून वर टाकला..."

त्या तिसऱ्या चेंडूचे काय झाले ते मला ऐकू आले नाही. सूनबाईंनी दार लोटून घेतले होते. चिखल जिन्यात सांडत होता.